आत्याचं दंतशास्त्र

डोळ्यांसाठी आपण डॉक्टरकडे जातो, पोटासाठी जातो, गुडघ्यांसाठी तर पहाटे उठून नंबर लावतो. दातांसाठी मात्र आपण नातेवाइकांकडे जातो. ज्याला तोंड आहे त्याला दातांविषयी मत असतंच, आणि ज्यांच्या तोंडात आता एकही दात उरलेला नाही त्यांची मतं तर विशेष ठाम असतात. दात का पडले हे विचारलं तर ते सांगत नाहीत. दात कसे टिकवावेत हे मात्र न विचारता सांगतात.

आमच्या भाचीचं लग्न ठरलं आणि एका रविवारी जेवणानंतर तिनं जाहीर केलं की लग्नाआधी मी दात व्हाइटन करून घेणार. पंगतीत शांतता पसरली. तिनं मुलगा स्वतः पसंत केलाय, तो आपल्यातला नाही, हे सांगितलं होतं तेव्हाही इतकी शांतता पसरली नव्हती. पहिली भानावर आली ती माझी आत्या. "अगं, ॲसिड लावतात ते!" ती म्हणाली. "दातांचं वरचं साल काढतात. मग दात आतून पोकळ होतात. आमच्या शेजारणीच्या जावेच्या मैत्रिणीनं केलं होतं. वर्षभरात सगळे दात हलायला लागले."

या शेजारणीच्या जावेच्या मैत्रिणीबद्दल मला लहानपणापासून आदर आहे. तिला आजवर कोणीही पाहिलेलं नाही, पण तिच्यावर झाला नाही असा वैद्यकीय अन्याय नाही. चष्मा लावल्यानं तिचा नंबर वाढला, हेअर डाय लावल्यानं तिची दृष्टी गेली, लस घेतल्यानं तिचा हात वर जाईना आणि गुडघा बदलल्यावर दुसरा गुडघा रुसला. एवढं होऊनही ती दरवर्षी एखाद्या नव्या उपचाराला उत्साहानं सामोरी जाते. वैद्यकशास्त्रानं तिचा पुतळा उभारायला हवा.

आता ते 'ॲसिड' काय असतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या गोष्टी कळायला सोप्या जातील. दातांचे डॉक्टर वापरतात ते असतं हायड्रोजन पेरॉक्साइड. नाहीतर कार्बामाइड पेरॉक्साइड, ज्यातून शेवटी हायड्रोजन पेरॉक्साइडच सुटतं. लहानपणी सायकलवरून पडल्यावर कंपाउंडरनं गुडघ्यावर ओतल्यावर जे फसफसायचं आणि ज्याच्या भीतीनं आपण जखम लपवायचो, तेच हे. त्यानं साल वगैरे निघत नाही. ते दाताच्या आत झिरपतं आणि रंग धरून बसलेल्या मोठ्या रेणूंची मोडतोड करतं. मोडलेले तुकडे फिके पडतात. रेणू फुटतो, दात जागेवर राहतो.

ते साच्यात घालून रात्री दातांवर लावायची युक्तीही दात पांढरे करायला निघालेल्या कुणी शोधलेली नाही. 1968 च्या सुमाराला अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यात फोर्ट स्मिथ गावी बिल क्लुस्मायर नावाचे वेडेवाकडे दात सरळ करणारे डॉक्टर होते. एका रुग्णाच्या हिरड्या सुजल्या म्हणून त्यांनी कार्बामाइड पेरॉक्साइडचं एक साधं जंतुनाशक रात्री दातांवर बसवायच्या साच्यात घालून लावायला सांगितलं. हिरड्या बऱ्या झाल्या. शिवाय दात उजळले, ते कुणी मागितलं नव्हतं. ही युक्ती वीसेक वर्षं डॉक्टरांच्या आपसातल्या गप्पांत फिरत राहिली आणि 1989 मध्ये हेवूड आणि हेमन या दोघांनी ती रीतसर शास्त्रीय नियतकालिकात मांडली. 10 टक्के कार्बामाइड पेरॉक्साइडमधून साधारण साडेतीन टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड मिळतं, आणि तेव्हापासून आजवर या प्रमाणावर जितका अभ्यास झालाय तितका आत्याच्या एकाही उपायावर झालेला नाही.

हे मी आत्याला सांगितलं. ती म्हणाली, "अमेरिकेतल्या लोकांचे दात वेगळे असतात."

"मग करायचं काय?" भाचीनं विचारलं. हा प्रश्न आमच्या घरात विचारायचा नसतो. पुढचा तासभर उपायांचा नुसता पाऊस पडला. लिंबू पिळून त्यात खायचा सोडा घालून घासायचं. केळ्याची साल आतल्या बाजूनं चोळायची. खोबरेल तेलाच्या चुळा भरायच्या. स्ट्रॉबेरी चुरडायची, हा उपाय महाबळेश्वरला टाइमशेअर घेतलेल्या काकांचा. आणि हळद. दात पिवळे दिसतात म्हणून त्यांना हळद लावायची, हे सुचवणाऱ्या काकूंच्या चेहऱ्यावर तिळमात्र शंका नव्हती.

या सगळ्यामागे एक भक्कम तत्त्वज्ञान आहे आणि ते महाराष्ट्रातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात सापडतं. जे पोटात जाऊ शकतं ते दाताला काय करणार? बाटलीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं ते रसायन, आणि फडताळातल्या बरणीत असतं ते औषध. लिंबात सायट्रिक ॲसिड असतं हे शाळेत शिकलेलं असतं, पण ते परीक्षेपुरतं. सरबतातलं ॲसिड हे घरचं ॲसिड. ते आपल्या माणसाला त्रास देत नाही.

दाताचं वरचं आवरण, एनॅमल, हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनानं सुमारे 96 टक्के खनिज. पण त्यात जिवंत पेशी नसतात, त्यामुळे हाड मोडलं तर जुळतं तसं ते पुन्हा वाढत नाही. गेलं ते गेलं. आणि तोंडातला सामू साधारण साडेपाचाच्या खाली उतरला की हे खनिज विरघळायला लागतं. लिंबाच्या रसाचा सामू दोन-अडीचच्या घरात असतो. म्हणजे दातांचं वरचं साल काढणारा पदार्थ आत्याला हवाच असेल, तर तो तिच्या फ्रिजच्या दारातच आहे. लिंबानं मऊ पडलेल्या दातावर लगेच ब्रश रगडला की काम अधिक चोख होतं. सुरुवातीला दात खरंच चकचकीत वाटतात आणि इथेच सगळे फसतात. आवरण पातळ झालं की आतला थर डोकावतो, आणि तो पिवळा असतो. मग पिवळेपणा वाढला म्हणून लिंबू वाढवतात.

सोड्याची गोष्ट उलटी. लोक बिचाऱ्या सोड्यालाच 'खरवडणारा' म्हणून घाबरतात, पण तो एनॅमलच्या मानानं चांगलाच मऊ आहे आणि वरवरचे डाग काढायला बरा आहे. मात्र लिंबू आणि सोडा एकत्र केल्यावर जो फेस येतो आणि जो बघून घरातले सगळे "बघ, काम करतंय" म्हणतात, तो फेस म्हणजे दोघांनी एकमेकांचा निकाल लावल्याची खूण. उरतो तो थोडा खारट पाण्याचा थेंब, जास्तीचं लिंबू आणि समाधान. स्ट्रॉबेरीवाल्या काकांसाठी वाईट बातमी अशी की 2014 मध्ये आयोवा विद्यापीठात काढलेल्या दातांवर स्ट्रॉबेरी आणि सोड्याचा लेप लावून पाहिला गेला. वरचा किरकोळ मळ निघाला, दात काही पांढरे झाले नाहीत. काकांनी टाइमशेअर मात्र अजून विकलेला नाही.

'घरगुती, नैसर्गिक आणि फुकट' या तिन्ही कसोट्यांवर उतरणारा एक उपाय रोमन काळात होता. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात कातुल्लुस नावाच्या कवीनं एग्नातियुस नावाच्या सद्‌गृहस्थाची भर कवितेत चेष्टा केली आहे. हा गृहस्थ कुठेही, अगदी कुणाच्या सरणापाशीही, दात दाखवून हसायचा. आणि कवीचं म्हणणं असं की त्याच्या देशाच्या रिवाजाप्रमाणे तो रोज सकाळी स्वतःच्या लघवीनं दात घासत असल्यामुळे ते जितके जास्त चमकतील तितकं वाईट. हे मी त्या पंगतीत सांगितलं नाही. आमच्याकडे कुणीतरी नक्की विचारलं असतं, "सकाळची पहिली का?"

कोल्हापूरचे मामा कोळशाच्या पक्षातले. "आम्ही काय बी लावलं नाही कधी," ते म्हणाले. "राखुंडी. चुलीतला कोळसा कुटायचा, त्यात मीठ घालायचं, आणि बोटानं घासायचं. वडलांचे दात ऐंशीव्या वर्षी ऊस सोलत होते." मामांच्या वडिलांचे ऊस सोलणारे दात हे आमच्या घराण्याचं ऐतिहासिक वैभव आहे, त्यामुळे त्यावर प्रश्न विचारता येत नाही. ते दात पांढरे होते का, असं भाचीनं विचारलं. मामा जरा थांबले. "पिवळे होते," ते म्हणाले, "पण होते."

तीच राखुंडी आता काळ्या ट्यूबमध्ये भरून, वर 'ॲक्टिव्हेटेड' लिहून मॉलमध्ये मिळते. कोळसा विष शोषतो म्हणून दवाखान्यात वापरतात हे खरं, पण विष पोटात असतं आणि दातांचा रंग दाताच्या आत असतो. दोन मिनिटं वरून फिरवलेला कोळसा आतलं काय शोषणार? 2017 मध्ये अमेरिकी दंतवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात 118 लेख चाळून एक आढावा आला. कोळशाच्या सुरक्षिततेला किंवा उपयोगाला पुरेसा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष. राख, विटेची भुकटी, भाताच्या तुसाची काळी मशेरी यांतले कण तर एनॅमललाही ओरखडे काढतील इतके कडक असू शकतात. पितळेची भांडी त्यांनी लखलखीत होतात, यात वाद नाही. पितळेला फक्त आयुष्यभर गार पाणी प्यायचं नसतं.

बोलता बोलता सासरच्या बाजूचे एक काका म्हणाले, "व्हाइटनिंग राहू द्या, साधं क्लीनिंगसुद्धा करू नये. मी केलं आणि दातांत फटी पडल्या." हा महाराष्ट्रातला सर्वांत लोकप्रिय दंतसमज असावा. काकांच्या दातांवर निवृत्तीपर्यंत साठत गेलेलं किटण होतं. हिरड्या त्या किटणामुळेच मागे सरलेल्या, आणि मोकळ्या झालेल्या जागेत पुन्हा किटणच भरलेलं. डॉक्टरनं ते खरवडून काढलं तेव्हा फटी दिसायला लागल्या. काकांचा हिशेब सोपा: आधी फटी नव्हत्या, आता आहेत, मधल्या वेळात डॉक्टर होता. आणि क्लीनिंग म्हणजे व्हाइटनिंग नव्हे, हेही कुणी लक्षात घेत नाही. पानाचे, चहाचे, तंबाखूचे वरचे डाग बहुतेक वेळा नुसत्या क्लीनिंगनंच जातात. निम्म्या लोकांना पेरॉक्साइडची गरजच नसते, त्यांना फक्त खुर्चीत बसायचं धैर्य हवं असतं.

चहावरून आठवलं. चहानं दात काळे पडतात म्हणून ज्यांनी दूध सोडून काळा चहा धरला, त्यांनी जरा ऐकावं. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात काढलेले दात चहात बुडवून ठेवले, काही दूध घातलेल्या आणि काही बिनदुधाच्या. दुधातलं केसीन चहातल्या टॅनिनला धरून ठेवतं, त्यामुळे दुधाच्या चहातल्या दातांना डाग कमी पडले. दूध घालून, उकळी आणून आणून तांबूस केलेला आमच्या आत्याचा चहा या एका बाबतीत विज्ञानाच्या बाजूला आहे. हे मात्र तिला लगेच पटलं. या प्रयोगातल्या लोकांचे दात वेगळे असतील असं ती म्हणाली नाही.

दात पांढरेच हवेत हे तरी कुणी ठरवलं, हा प्रश्न त्या पंगतीत कुणाला पडला नाही, पण कोपऱ्यात बसलेल्या आजीकडे बघून मला पडला. आजी मिश्री लावते. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची आणि सकाळी बोटानं दातांवर फिरवायची. ही तिच्या पिढीतल्या हजारो बायकांची दात घासायची रीत. 1992 मध्ये केंद्र सरकारनं दंतमंजनात आणि टूथपेस्टमध्ये तंबाखू घालायला बंदी केली, 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. बंदी मंजनाला आहे, आजीच्या तव्याला नाही. दातांचा रंग जातो हे तर मिश्रीचं सर्वांत किरकोळ पाप. तोंडाचा कर्करोग हे मोठं. तो विषय काढला की आजीला ऐकू येत नाही.

पण आजीच्याही आधीच्या बायकांना काळे दात मुद्दाम हवे असायचे. मायफळ, हिराकस वगैरे कुटून केलेलं दातवण लावून दात काळे करणं हे शृंगारात आणि सौभाग्यात मोडायचं. मायफळातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह एकत्र आलं की जो काळा रंग तयार होतो, त्याच रंगाची शाई करून लोक शेकडो वर्षं खतं-दस्तऐवज लिहीत आले. तिकडे जपानमध्ये लोह आणि टॅनिनच्या अशाच मिश्रणानं बायका दात काळे करायच्या. 1870 मध्ये सरकारनं उमराव घराण्यांना ती प्रथा सोडायला लावली आणि 1873 मध्ये सम्राज्ञीच पांढऱ्या दातांनी लोकांसमोर आली, तेव्हा कुठे फॅशन फिरली. म्हणजे तेव्हाच्या एखाद्या नवरीनं दात पांढरे करायचं म्हटलं असतं तर घरात अशीच शांतता पसरली असती, आणि तेव्हाच्या आत्यानं तिला "काळे कर गं, चारचौघांत बरं दिसतं" असंच सांगितलं असतं.

खरं म्हणजे दात मुळात पांढरे नसतातच. एनॅमल असतं दुधी काचेचं तावदान आणि त्यामागे असते डेंटिनची पिवळसर भिंत. आपल्याला दिसतो तो दोघांचा मिळून रंग. वय वाढतं तसं तावदान झिजतं आणि भिंत जाड होते. कितीही घासा, पन्नाशीतला दात पंचविशीतला दिसत नाही, आणि तो त्याचा आळशीपणा नव्हे. सुळे तर तरुणपणीही शेजारच्या दातांपेक्षा पिवळे असतात. मुलांचे दुधाचे दात पडून सहाव्या-सातव्या वर्षी नवे आले की आया घाबरतात, कारण दुधाचे दात जास्त पांढरे आणि त्यांच्या शेजारी उगवलेला पक्का दात चक्क हळदुला. शाळेच्या फाटकाशी या विषयावर गंभीर बैठका भरतात आणि शेवटी ठपका चॉकलेटवर येतो. मोत्यासारखे दात म्हणतो आपण, पण सराफाकडे जाऊन खरा मोती एकदा नीट बघावा. त्याच्याहून पांढरं तर दुकानाचं बिल असतं.

इथे एका गोष्टीबद्दल मला विनोद सुचत नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत जमिनीखालच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला दीड मिलिग्रॅमची. दात हिरडीखाली घडत असतानाच मुलांच्या पोटात हे पाणी जातं, आणि उगवतात तेव्हाच त्यांच्यावर पांढरे-तपकिरी पट्टे असतात. बाहेरून आलेले पाहुणे त्या पोरांना "दात घासत नाही का रे?" म्हणून विचारतात. दात घासायलाही तेच पाणी असतं.

तर भाची दवाखान्यात गेली. सोबत तिची आई गेली आणि 'नुसतं बघायला' म्हणून आत्याही गेली. डॉक्टरीणबाईंनी आधी किडलेले दात आहेत का ते पाहिलं, कारण किडीच्या भोकातून पेरॉक्साइड आत शिरलं तर मग जे होतं ते शेजारणीच्या जावेच्या मैत्रिणीलाही शोभेल. मग त्यांनी दातांच्या छटांचा नमुना काढला. एका पट्टीवर ओळीनं लावलेले सोळा खोटे दात, ए-वनपासून डी-फोरपर्यंत. तांबूस, पिवळट, राखाडी. बाजारात 'तीन शेड उजळ' म्हणून जाहिराती करतात त्या शेड म्हणजे या. आत्यानं पट्टी उजेडात धरून बघितली आणि म्हणाली, "हा आमच्या हॉलला बरा दिसेल."

निळा दिवा लावायचा का, हा पुढचा प्रश्न. जाहिरातीत हा दिवा असा दाखवतात की दातांवर काहीतरी अंतराळातलं उतरतंय. बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं की खरं काम पेरॉक्साइडचं. दिव्यानं फारसा फरक पडतो असं अभ्यासांत दिसत नाही. तासभर तोंड उघडं ठेवल्यावर दात कोरडे पडतात आणि कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. दोन-चार दिवसांत ओलावा परत आला की थोडा रंगही परत येतो. दिव्याविना दवाखाना म्हणजे पैसे वसूल झाल्यासारखे वाटत नाहीत, हे मात्र त्यांनाही मान्य होतं. आत्याला दिवा हवा होता.

घरी आल्यावर भाचीच्या दातांत संध्याकाळभर सणका जात होत्या. पेरॉक्साइड काही मिनिटांत दाताच्या गाभ्यापर्यंत पोचतं, नस थोडी चिडते आणि बहुतेकांचं हे काही दिवसांत थांबतं. "बघ, मी म्हटलं होतं," एवढं बोलायची संधी आत्याला मिळाली आणि तिनं ती रात्री साडेअकरापर्यंत वापरली. अशा वेळी जी टूथपेस्ट देतात तिच्यात पोटॅशियम नायट्रेट असतं, म्हणजे सोरा, म्हणजे बंदुकीच्या दारूतला मुख्य माल. हे मी मामांना सांगितलं तेव्हा दंतवैद्यकाबद्दल त्यांचं मत पहिल्यांदा सुधारलं.

आता राहिलं पथ्य. दोन दिवस रंगीत काही खायचं नाही. चहा, आमटी, बीट, जांभूळ, सोलकढी सगळं बंद. या पथ्यानं खरोखर फार फरक पडत नाही, असंच अलीकडच्या काही अभ्यासांत दिसतं, पण पथ्य नसलेला उपचार आपल्याकडे कुणी गांभीर्यानं घेत नाही. भाची दहीभात, इडली आणि पेढ्यावर होती. "पांढरा रस्सा चालतो की!" मामा ओरडले. त्यात खरोखरच काही चुकीचं नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मामींनी एवढा पांढरा रस्सा केला की इतरांनाही पथ्य लागू झालं. आणि तिसऱ्या दिवशी हळदीचा समारंभ. उत्साही करवल्यांनी कपाळाला, गालांना, हातांना हळद लावली. नवरी त्या गदारोळात ओठ घट्ट मिटून बसलेली. लोकांना वाटलं, मुलगी लाजते आहे.

तेवढ्यात मामांनाही हौस आली. त्यांच्या पुढच्या दाताला कॅप आहे, फार वर्षांपूर्वीची. ती पांढरी करून मिळेल का, म्हणून त्यांनी बाईंना फोनवर विचारलं. बाई म्हणाल्या, कॅपचा रंग पेरॉक्साइडनं बदलत नाही. आजूबाजूचे दात उजळतील आणि कॅप तेवढी पिवळी उठून दिसेल. मामांनी क्षणभर विचार केला. "म्हणजे आत्ता सगळे मॅचिंग आहेत तर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

शेजारच्या एका मुलीनं मग भाचीला जांभळी पेस्ट आणून दिली. आजकाल ती जोरात आहे. जांभळा रंग पिवळ्याला झाकतो, त्यामुळे काही काळ दात पांढरे भासतात. आत काही बदलत नाही, धुतलं की थोड्या वेळात गेलं. हे ऐकून माझी आई म्हणाली, "मग उजाला काय वाईट?" तत्त्व तेच आहे. बनियन त्याच तत्त्वावर पांढरं दिसतं. पण कपड्याची नीळ तोंडात घालायची नसते, हे आम्हाला तिला दोनदा सांगावं लागलं आणि बाटली वरच्या फळीवर ठेवावी लागली.

लग्न झालं. महिनाभरानं अल्बम आला, जाड, चकचकीत, दारावर लावता येईल एवढा. फोटोवाल्याच्या संगणकानं परस्पर सगळ्यांचे दात पांढरे करून टाकले होते. भाचीचे पांढरे, जावयाचे पांढरे, मामांचे कॅपसकट पांढरे. हसणाऱ्या आजीच्या तोंडात जे मोजके दात आहेत तेही ट्यूबलाइटसारखे. त्या रात्री घरातल्या सगळ्या फोनवर एकच धांदल. आत्यानं सांगितलं की ती लग्नाआधी गुपचूप केळ्याची साल चोळत होती. काकू म्हणाल्या, हळद. मामा म्हणाले, राखुंडीचा गुण इतक्या वर्षांनी दिसतोय. स्ट्रॉबेरीवाल्या काकांनी तर आपला फोटो मोठा करून फॅमिली ग्रुपवर टाकला आणि खाली कृती दिली. किटणवाल्या काकांच्या दातांतल्या फटीही संगणकानं भरून काढल्या होत्या, आणि हे क्लीनिंग थांबवल्यामुळे झालं असं ते अजून मानतात.

एका फोटोत जेवणावळीच्या मंडपात शिरलेला एक कुत्रा आला आहे, जांभई देताना. त्याचेही दात शुभ्र आहेत. त्याला काय लावतात, हे कार्यालयाच्या मॅनेजरला विचारायला आत्यानं माझ्याकडून नंबर घेतला आहे.